चासिब आणि त्याचे जिर्री

गेल्या हिवाळ्यात आम्ही चासिबला नजफच्या पवित्र कबरस्तानात नेऊन पुरलं. परतीच्या गाडीत चौघे होतो. सगळ्यांनी त्याच्या भाल्याच्या गोष्टी काढल्या. किती अंतरावरून कसा मासा टिपला, अंधूक पाण्यात कसा नेम धरला. जिर्रीची खरी गोष्ट कुणी काढली नाही, कारण ती माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हती. गावानं त्याला हेकट म्हटलं, गर्विष्ठ म्हटलं, शेवटी वेडाही ठरवलं. वेडा तो नव्हता. बाकीचं खरं आहे. तो माझ्या बहिणीचा नवरा, आणि फिद्दाला त्याच्या घरी दिली त्या दिवसापासून त्याचे दोष मला तोंडपाठ आहेत.

मी होड्यांना डांबर लावतो. आमच्या पाणथळीत प्रत्येकाला माझ्याकडे यावंच लागतं, शेखाला आणि चोरालाही, कारण डांबराशिवाय होडी म्हणजे चाळण. त्यामुळे सगळ्यांच्या बातम्या माझ्या दारात येतात आणि सदखानच्या तोंडात तीळ भिजत नाही असा माझा लौकिक आहे. एवढी एकच गोष्ट मी पोटात ठेवली. ज्यानं ठेवायला लावली होती तो आता गेला.

चासिब पाच काट्यांच्या भाल्यानं मासे मारायचा. आमच्या जमातीत पुरुष भाल्यानंच मासा मारतो. जाळं टाकणारे लोक वेगळे. ते याच पाण्यावर राहतात, तीच नमाज पढतात, तशाच बोरूच्या झोपड्यांत झोपतात. पण त्यांना मुलगी द्यायची नाही आणि त्यांची करायची नाही. का, ते मला विचारू नका. चासिबला विचारलं की तो म्हणायचा, "भालेवाला माशाला बघतो, मासा त्याला बघतो. जाळेवाला कुणाकडे बघतच नाही. बाईनं शेण गोळा करावं तसा गोळा करतो." हे तो मनशदसमोरही म्हणायचा. मनशद हा पलीकडच्या बेटावरचा जाळेवाला, शांत माणूस. तो ऐकून हसायचा. हसण्यावाचून त्याच्या हातात दुसरं होतं काय?

चासिबचा मासा म्हणजे बुन्नी. सोनेरी खवल्यांचा, हातभर लांब, पाण्यातली झाडं खाऊन वाढणारा. पाहुणा आला की बुन्नी पाठीतून चिरून बोरूच्या जाळावर उभा भाजायचा, ही आमची रीत. आणि चासिबचं तळं म्हणजे दुवैमा. चारही बाजूंनी बोरू, मोठ्या कालव्याकडे उघडणारं एकच अरुंद मुख, आणि तळाशी इतकं दाट हिरवं रान की वल्हं अडकायचं. त्याचा बाप तिथंच भाला मारत म्हातारा झाला. तळं काही कुणाच्या नावावर नव्हतं, पण दुवैमा चासिबचं असं सगळे मानत.

मग सरकारनं नद्या वळवल्या आणि आमच्या पायाखालचं पाणी काढून घेतलं. मासे चिखलात तडफडून मेले. तळाला भेगा पडल्या, त्यात म्हशींचे पाय अडकून मोडले. आम्ही वीटभट्ट्यांवर गेलो आणि अकरा वर्षं विटा वाहिल्या. तिथला मुकादम चासिबला "ए बेडका" म्हणून हाक मारायचा. चासिब ओ द्यायचा, कारण पोटाला दुसरं काही नव्हतं. ते सरकार पडलं त्या वसंतात लोकांनी फावडी घेऊन बांध फोडले. चासिब पहिल्या टोळीत होता. पाणी आलं, दोन वर्षांत बोरू माणसाच्या वर गेले, आणि तिसऱ्या वर्षी दुवैमात बुन्नी दिसला. एकच होता. चासिबनं त्याला मारलं नाही. भाला आडवा ठेवून तो होडीत बसला आणि पोरासारखा रडला. मी समोर होतो म्हणून मला शिव्या दिल्या.

पण बुन्नीच्या आधी तळ्यात जिर्री आले होते. जिर्री म्हणजे मिशा असलेला, रुंद तोंडाचा, बुळबुळीत काळा मासा. त्याला खवले नसतात, म्हणून तो आम्हाला हराम. कुणी खात नाही, हात लागला तर धुवायचा. भाल्याला चुकून आला तर काठावर फेकून द्यायचा, तिथं तो सुकून मरतो. हे जिर्री नेमके दुवैमातल्या हिरव्या रानात, जिथं बुन्नी अंडी घालतो तिथं, दबा धरून पडलेले असत. चासिबनं दोन वसंत ते पाहिलं आणि हिशेब मांडून टाकला की हे हरामखोर बुन्नीची अंडी खातात.

मुधीफमध्ये, म्हणजे आमच्या बोरूच्या बैठकघरात, सगळे जमलेले असताना तो उठून उभा राहिला. म्हणाला, "अब्बासची शपथ. मी जिवंत असेपर्यंत दुवैमात एक जिर्री जिवंत राहणार नाही."

आमच्याकडे लोक अल्लाहची शपथ दिवसातून वीसदा घेतात, अल्लाह दयाळू आहे, माफ करतो. लढाईत शहीद झालेले हजरत अब्बास मात्र तापट. त्यांच्या नावानं घेतलेली शपथ मोडणाऱ्याचं तोंड वाकडं होतं, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही माहीत असतं.

मग दोन हिवाळे आम्ही जिर्री मारले. आख्खं गाव. मीही मारले, खोटं कशाला बोलू? मजा यायची. एरवी भाला मारताना पोटाची काळजी असते, इथं नुसतं पुण्य. काठावर ढीग लागायचे, वास घरापर्यंत यायचा. शेवटी तळ्याच्या मुखाला चासिबनं बोरूचं कुंपण विणलं, बोटभर फटी ठेवून, म्हणजे कालव्यातून मोठा जिर्री पुन्हा आत यायला नको. त्या हिवाळ्याच्या अखेरीस दुवैमात एक मिशी उरली नव्हती. शेखानं चासिबला आपल्या शेजारी बसवलं. वीटभट्टीवरच्या बेडकाला तो मान मिळालेला पाहून मलाही बरं वाटलं.

दोन वर्षांनी बुल्ती आले. तळहाताएवढे चपटे मासे, दुरून कुठून तरी, कुणाच्या तरी पाळीव टाक्यांतून निसटलेले. त्यांची पिल्लं त्या बोटभर फटींतून आरामात आत शिरली. आम्ही कौतुक केलं. खवले आहेत, हलाल आहे, मग काय हरकत? चासिब म्हणाला, "येऊ द्या बिचाऱ्यांना. दुवैमाचं पोट मोठं आहे."

चार-पाच वर्षांत त्या बिचाऱ्यांनी दुवैमा बोडकं केलं. तळातलं रान गेलं, उघडा चिखल दिसू लागला, पाणी गढूळ झालं. बुन्नी कमी झाले, मग दिसेनासे झाले. त्यातच वरून नदीचं पाणी आटत चाललं, आलेलं खारट निघू लागलं, म्हशी ते पिऊन आजारी पडू लागल्या. दुष्काळात तेरावा महिना. तळ्यात मासे नव्हते असं नाही, बुल्तींची नुसती बुजबुज होती. पण बुल्तीला भाला मारणं म्हणजे डासावर कुऱ्हाड चालवणं. ते काम जाळ्याचं. गावातली तरणी पोरं तर बॅटरीची तार पाण्यात सोडून मासे मारायला लागली. चासिब रोज सकाळी भाला घेऊन दुवैमात जायचा आणि दुपारी कोरड्या होडीनं परत यायचा.

त्याचा मुलगा लफ्ता एकदा धीर करून म्हणाला, "बाबा, जाळं घेऊ या. अर्ध्या जमातीनं घेतलंय, लपूनछपून."

"तू घे. तुला शोभेल. तुझ्या भाल्याला मासे कुठं घाबरतात? पाणी तेवढं घाबरतं."

लफ्ताचा नेम कच्चा होता हे खरं. पण हे वाक्य त्यानं वयाच्या दहाव्या वर्षापासून ऐकलं होतं, चारचौघांत, पाहुण्यांसमोर. फिद्दा कितीदा नवऱ्याला म्हणाली, "अरे, एकदा तरी त्याला बरं म्हण!" चासिब म्हणायचा, "मारू दे की एकदा. म्हणेन."

त्याच साली लफ्तानं मनशदची मुलगी करायची म्हटलं. घरात आग लागली. जाळेवाल्याची मुलगी! चासिब तीन दिवस जेवला नाही, आणि चौथ्या दिवशी लफ्ता शहरात निघून गेला. तिथं तेलाच्या एका तळावर पहारेकरी लागला. सणाला यायचा, दोन रात्री राहायचा, बापाशी हवापाण्याचं बोलून परत जायचा. मुलगी वर्षभरात दुसरीकडे गेली.

हे सगळं झाल्यावर इंतिसारबाई आल्या. वरातीमागून घोडं. विद्यापीठाच्या, पाण्याच्या अभ्यासाच्या. त्यांची होडी गळत होती म्हणून माझ्याकडे आणली, आणि डांबर सुकेपर्यंत बाईंनी माझ्या पालथ्या पिंपावर फळी टाकून आपलं दुकान मांडलं. मासे कापायचे, पोटं उघडायची, आत काय आहे ते वहीत लिहायचं. चासिब चहाला आला होता. पिंपावर जिर्री पाहून त्यानं पेला उचलून दूर ठेवला.

"हात धू बाई. आणि माझ्या पेल्याला लावू नकोस."

"अबू लफ्ता, पंधरा वर्षं हात धुतेय," बाई म्हणाल्या. अबू लफ्ता म्हणजे लफ्ताचा बाप, आमच्याकडे मोठ्या माणसाला अशीच हाक मारतात. "धुऊन धुऊन रेषा गेल्या. लग्नाची पण गेली."

चासिबला हसू आलं. मग त्यानं विचारलं, "काय शोधतेस त्याच्या पोटात? मला विचार. बुन्नीची अंडी सापडतील."

बाईंनी चीर दिली. जिर्री मोठ्या कालव्यातला होता. पोटातून बुल्तीची पिल्लं निघाली, सात. एक तर अजून जसंच्या तसं होतं, शेपटीसकट. दुसरा जिर्री कापला, त्यातही बुल्ती, आणि एक बेडूक.

"अंडी?" चासिबनं विचारलं.

"नाहीत."

"तिसरा काप."

तिसऱ्यातही नव्हती. मग बाईंनी एक बुल्ती घेतला. त्याच्या आतड्यातून हिरवा लगदा निघाला, आणि लगद्यात मोहरीसारखे पिवळे दाणे. चासिब पिंपाजवळ आला. ज्या फळीवर जिर्री कापला होता तिच्यावर त्यानं हात टेकला, त्याचं त्याला कळलंही नाही.

"हे काय?"

"माशाची अंडी."

"कुणाची?"

"इथं बसून नक्की सांगता यायचं नाही. बुन्नीची असू शकतात."

चासिबनं एक दाणा बोटावर घेतला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे जिर्री बुल्ती खातो. आणि बुल्ती अंडी खातो, आणि अंडी जिथं चिकटतात ते रानही खातो."

"इतकं सरळ नसतं, अबू लफ्ता. पाणी खारट झालंय, ते आधी. बुल्तीला खारट चालतं, बुन्नीला नाही. वरून गोडं पाणी आलं नाही तर एकटा जिर्री काय करेल? पण जिथं जिर्री आहेत तिथं बुल्ती जरा आटोक्यात दिसतात, एवढं खरं." बाई वही मिटत म्हणाल्या, "तुमच्या दुवैमात मात्र मला एकही जिर्री मिळाला नाही. आसपास सगळीकडे आहेत, तिथंच नाहीत. नवल आहे. मध्ये काही रोग आला होता का?"

मी डांबराच्या कढईत काठी फिरवायला लागलो. चासिब म्हणाला, "हो. आला होता."

बाई होडी घेऊन गेल्या. चासिब संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच बसला. बाईंनी खाऱ्या पाण्याचं सांगितलं, वरच्या धरणांचं सांगितलं. त्यातलं काही त्याच्या कानात शिरलं नव्हतं. माणसाला दुसऱ्याची चूक पटवावी लागते, स्वतःची एकदा दिसली की बाकी काही दिसत नाही. उठताना तो म्हणाला, "रोग म्हणाली, सदखान."

पुढं काही वर्षं नुसतं पाणी आटत गेलं. दुवैमाच्या मुखावरून रस्त्याचा बांध गेला आणि कालव्याशी नातंच तुटलं. आता कुंपण काढूनही उपयोग नव्हता. गावानं त्या तळ्याकडे जाणं सोडलं. चासिब जायचा, भाला न घेता जायचा, म्हणून लोक त्याला वेडा म्हणायला लागले. मग एक हिवाळा असा आला की वरती पाऊस आणि बर्फ उदंड झालं, धरणं भरून वाहिली, आणि आमच्याकडे इतकं गोडं पाणी आलं की बेटं बुडायला आली. तळी काठोकाठ भरली. पुढच्या हिवाळ्यात, धुक्याच्या एका सकाळी, चासिब माझ्या दारात उभा.

"माझ्या होडीत मधोमध आडव्या फळ्या मार. डांबर लाव. आत पाणी राहिलं पाहिजे."

"लोक होडीतलं पाणी बाहेर ठेवायला माझ्याकडे येतात," मी म्हटलं. "तू पहिलाच उलटा."

"सदखान, चेष्टा नको."

त्याचा चेहरा पाहून मी कारण विचारलं नाही, पण ते कळलंच. कालव्यातून जिवंत जिर्री धरून, होडीतल्या पाण्यात ठेवून, बांधावरून हातानं उचलून दुवैमात सोडायचे. जिवंत, म्हणजे भाला बाद. जाळं पाहिजे.

मनशदकडे आम्ही दोघं गेलो. मनशद जाळं शिवत बसला होता. चासिबनं सलाम केला आणि खाली बघत म्हणाला, "तुझं एखादं जुनं जाळं दे. थोडे दिवस."

मनशदनं सुई थांबवली. "मुलगी नको होती, अबू लफ्ता. जाळं चालतं का?"

मी आजवर चासिबला इतका वाकलेला पाहिला नव्हता, मुकादमासमोरही नाही. मनशद उठला आणि आतून जुनं नव्हे, चांगलं जाळं घेऊन आला. त्याला वाटलं, चासिब चोरून बुल्ती धरणार. "कुणाला सांगणार नाही," एवढंच म्हणाला. जाळेवाल्याच्या या चांगुलपणाचा मला त्या क्षणी रागच आला, कारण तो आम्हाला शोभला असता.

त्या हिवाळ्यात आम्ही धुकं असलेल्या सकाळी गाठून जिर्री वाहिले. चासिब जाळं टाकायला शिकला, साठीत. जिर्री उघड्या हातांनी कवेत धरून बांध चढायचा. ते त्याच्या छातीवर शेपट्या आपटायचे, सदरा बुळबुळीत व्हायचा. पाण्यात सोडताना तो पुटपुटायचा. मी विचारलं, "काय म्हणतोस रे? हराम माशावर बिस्मिल्ला?"

"तुला काय करायचंय?"

"आणि शपथ?"

"शपथ माझी. मी आणि अब्बास बघून घेऊ."

"गावाला सांग ना मग. सगळे मिळून आणू. मारताना नाही का सगळे आले होते?"

त्यानं होडी थांबवली. "काय सांगू? तुम्हाला दोन हिवाळे नको तो मासा मारायला लावला असं? शेखाशेजारी बसलो ते यासाठी बसलो असं?"

"हो. असंच."

"आधी माझी जीभ काप." मग वल्हं पुन्हा उचलत म्हणाला, "बुन्नी दिसू दे. बुन्नी दिसला की मी स्वतः मुधीफमध्ये उभा राहून सांगेन. तोवर अळीमिळी गुपचिळी. तुझ्या बहिणीलाही नाही."

मी मान डोलावली. आयुष्यभर ज्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं त्यानं नेमकं त्या दिवशी लावलं, आणि त्याचा पश्चात्ताप मला मरेपर्यंत पुरेल.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी दुवैमाच्या उत्तर काठाला पाणी निवळलं. तळाशी हिरवी लव दिसू लागली. जिर्रीमुळे की गोड्या पाण्यामुळे, ते बाई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं. चासिबला विचाराल तर जिर्रीमुळे. फेब्रुवारी सरता सरता तो मला ओढत घेऊन गेला. होडी बोरूत घुसवून आम्ही श्वास धरून बसलो, आणि उत्तर काठाच्या उथळ पाण्यात दोन सोनेरी पाठी हळूच वळल्या. मोठ्या पुरात बांधावरून वाहून आत पडल्या असतील. दोनच, पण जोडी होती. चासिबनं माझा दंड इतका दाबला की चार दिवस निळा होता.

"आता सांग," मी म्हणालो.

"अंडी घालू दे. नव्या वर्षाला पोरगा येईल. तो असताना सांगतो. त्याच्यादेखत. आणि मनशदलाही बोलावतो." माझ्याकडे न बघता तो पुढं म्हणाला, "त्यालाही बरंच काही सांगायचं राहिलंय. लफ्ताला."

मार्चमधल्या नव्या वर्षाला लफ्ता आला, शहरातले दोन मित्र घेऊन. फिद्दानं तांदळाच्या भाकरी केल्या, म्हशीची जाड साय ठेवली. चासिब त्या सकाळी दाढी करून, पांढरा सदरा घालून मुधीफमध्ये बसला होता. जेवणं झाली की उठून बोलायचं असं ठरलं होतं. दर थोड्या वेळानं तो माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवायचो. मनशद दाराशी बसला होता, मुधीफमध्ये पहिल्यांदाच बोलावलेला, चपला हातात घेऊन. लफ्ता मित्रांना बापाचं तळं दाखवायला म्हणून पहाटेच गेला होता. चुलतभाऊ होते बरोबर, दोन होड्या होत्या. दाखवायला गेला म्हणून कुणाला काही वाटलं नाही. चासिबलाही नाही. लफ्तानं भाला हातात घेऊन आठ वर्षं झाली होती.

दुपारी पाण्यावरून आरडाओरडा ऐकू आला. पोरं गात येत होती. होड्या काठाला लागल्या आणि लफ्ता घोट्यापर्यंत पाण्यात उडी मारून पुढं आला, सदरा रक्तानं भरलेला, हातात बापाचा जुना भाला. त्याच्या मागून चुलतभावांनी एकेक करून मुधीफच्या दारात ओतायला सुरुवात केली. जिर्री. एकवीस.

"बाबा!" लफ्ता ओरडला. "तुमच्या दुवैमात घुसले होते! इतक्या वर्षांनी! शपथेची आठवण झाली, मग घरी येऊन भाले घेऊन गेलो. अकरा मी मारले. विचारा यांना. एकही नेम चुकला नाही."

"खरंय काका," एक चुलतभाऊ म्हणाला. "आज याच्या हातात कुणीतरी शिरलं होतं."

शेख उठून बाहेर आले. म्हातारं माणूस, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "अब्बासनं शपथ राखली. बापाची शपथ पोरानं पाळली. अबू लफ्ता, तुझं घर धन्य झालं." लोकांनी चासिबचे खांदे धरले, डोक्याचं चुंबन घेतलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी उठलो होतो. मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं, आणि चासिबनं माझ्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं.

तो दारात गेला. ढिगाजवळ उकिडवा बसला.

"सगळे?" त्यानं विचारलं.

"सगळे, बाबा. बोरूत शिरून शिरून शोधले. उत्तरेच्या काठाला तर उथळ पाण्यात सगळं तुडवून काढलं. एक सोडला नाही."

लफ्ताचा चेहरा मी पाहिला. तिशीतला पुरुष, पण चेहरा दहा वर्षांच्या पोराचा होता. वाट बघणारा. चासिबनंही तो पाहिला असणार. ढिगात माझ्यापुढं जिर्रीची एक मादी पाठीवर पडली होती, तिचं पोट अंड्यांनी टम्म होतं. ते मी पाहिलं, आणि त्यानंही.

चासिब उठला. मुलाचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळावर ओठ टेकले. "शाबास," तो म्हणाला. "शाबास रे माझ्या वाघा."

मग घराकडे वळून त्यानं आवाज दिला, "फिद्दा, चहा टाक. पोरं दमलीत."